अवलंबून मुलं किती

कराचा फॉर्म भरता भरता हेझलबाईंनी विचारलं, "बायको?" अकोनने ते आमच्या भाषेत लुआलला विचारलं, आणि लुआल क्षणभरही न थांबता म्हणाला, "नाही." मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. थोन मांडीवर झोपला होता, त्याचं नाक वाहत होतं आणि ते मी शालीच्या टोकानं पुसत होते. तो हात तिथल्या तिथेच राहिला. खरं सांगायचं तर लुआल काही चुकीचं बोलला नव्हता. कोणी विचारलं तर काय सांगायचं, असं त्यानं मला आधी विचारलं असतं, तर हेच सांग म्हणून मीच त्याला बजावलं असतं. ज्या पुरुषाच्या नावानं मुलीच्या बापाला गुरं दिली गेली त्याची ती बायको, आणि पुरुष मेला म्हणून ती गुरं काही चालत परत येत नाहीत. माझ्यासाठी माजोकच्या नावानं साठ गायी दिल्या गेल्या. म्हणून मी माजोकची. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली तरी त्याचीच. लुआल त्याचा धाकटा भाऊ, माझा दीर. मोठा गेला की धाकट्यानं त्याच्या घरात यायचं, त्याच्या बायकोला सांभाळायचं, तिला मुलं द्यायची आणि ती सगळी मेलेल्याच्या नावानं वाढवायची. लुआल हे सगळं करत आला आहे, तेही तोंडातून चकार शब्द न काढता. तेव्हा बायको नाही, हे खरंच. पण या नव्या देशात, टुवुम्बाच्या त्या ग्रंथालयात, बाहेर ऑगस्टचं, इथल्या हिवाळ्याचं बोचरं वारं सुटलेलं असताना, एका अनोळखी म्हातारीच्या समोर तो "नाही" असा परक्या भाषेत पोचवला गेला आणि मला तो टोचला. रोज रात्री जिच्या कुशीत झोपतोस ती कोण रे मग, असं तोंडावर आलं होतं. पण मग पोरीला ते इंग्रजीत करावं लागलं असतं.

अकोन बारा वर्षांची आहे. ती माझी थोरली. ती दुभाषी म्हणून बसते तेव्हा तिचा आवाज वेगळाच होतो, सपाट आणि जरा मोठ्या माणसासारखा. दोन्हीकडचं बोलणं ती इकडून तिकडे नेते, पण त्यात एक शब्द घालत नाही की गाळत नाही. गेल्या वर्षी आम्ही इथे उतरलो तेव्हापासून तिनं माझ्या दातांपासून माझ्या गर्भाशयापर्यंत सगळं डॉक्टरांना सांगितलं आहे. एकदा मी डॉक्टरबाईला रागाच्या भरात गाढव म्हटलं, तर हिनं तेही शांतपणे पोचवलं. घरी आल्यावर मी तिला झापलं तेव्हा म्हणाली, "आई, तू बोललीस ना? मग मी कोण ते गाळणारी?" तिच्या या ठामपणाचा मला अभिमानही वाटतो आणि धडकीही भरते. माजोकसुद्धा असाच होता म्हणतात. मला तो जेमतेम दोन वर्षं मिळाला. त्याचं हसणं आठवतं. दारातून आत येण्याआधी बाहेरूनच हसत यायचा, काय झालंय ते कळायच्या आधी आपणही हसायला लागायचो. अकोनला पहिले दोन दात आले होते त्या महिन्यात तो पळवलेली गुरं सोडवायला म्हणून आठ जणांबरोबर गेला, आणि त्यातले तिघे परत आले. त्याला कुठे पुरलं, पुरलं की नाही, हे त्या तिघांनाही माहीत नव्हतं.

मग गाव सोडून चालणं. चालणं मला आठवत नाही, पायांना आठवत असेल. काकुमाच्या निर्वासितांच्या छावणीत, तंबूच्या दाराशी एक दिवस लुआल उभा राहिला. तेव्हा त्याला मिशाही धड फुटल्या नव्हत्या. तो बाहेर उभा राहून खोकला. ते त्याचं आत येऊ का असं विचारणं होतं. मी "ये" म्हटलं तरी आला नाही, उंबऱ्यापाशी जमिनीवर बसला आणि अकोनला मांडीवर घेऊन राहिला. तीन वर्षं तो असाच बाहेरच्या बाहेर होता. रेशनच्या रांगेत उभा राहायचा, पाण्याचा डबा आणून ठेवायचा, खोकायचा, निघून जायचा. शेवटी म्हाताऱ्यांनी त्याला बोलावून घेऊन सांगितलं की, अरे, भावाचं घर असं थंड ठेवू नये. तेव्हा कुठे तो आत आला. आत आल्यावरसुद्धा मला "वहिनी"च म्हणायचा. अजूनही म्हणतो. रेबेका झाली तेव्हा वहिनी, थोन झाला तेव्हा वहिनी. आमच्यात पुरुषाला पोराच्या नावानं हाक मारतात, अमक्याचा बाप, तमक्याचा बाप. लुआलला तशी हाक नाही. चर्चमध्ये त्याच्याहून लहान पोरं 'मरियमचा बाप', 'जेम्सचा बाप' होऊन छाती काढून फिरतात, आणि याला अजून बापाच्या नावानं, 'कुओलच्या पोरा' म्हणतात. पोरं त्याला काका म्हणतात. रेबेकाचे ओठ, थोनचे कान, दोघांच्या पायांची ती मधली लांब बोटं, सगळं त्याचं, आणि तोंडानं काका. तो 'ओ' देतो. कधी त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतं का म्हणून मी बघत बसते. नाही दिसत. स्वतःच्या नावाचं घर त्याला मांडता आलं नाही. गुरं कुठली आणणार, आणि गुरं नाहीत तर पोरगी कोण देणार? लुआलच्या नावानं जगात एकही मूल नाही, आणि हे त्यानं कधी बोलूनही दाखवलं नाही.

त्याचे प्रश्न संपले आणि माझी पाळी आली. हॉस्पिटलच्या चादरी धुण्याच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच पाळीला असतो, म्हणून वर्षअखेरचा पगाराचा कागद दोघांनाही मिळाला होता आणि दोघांनाही कराचा फॉर्म सरकारला भरून द्यायचा होता. बाकीचे आमचे पुरुष मांसाच्या कारखान्यात जातात, तिथे पगार जास्त आहे. लुआल तिथे चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी म्हणाला, तिथे गुरं एका रांगेत येतात आणि कोणी त्यांना नावानं हाक मारत नाही. हेझलबाईंनी मला विचारलं, "नवरा?" मी म्हटलं, "आहे." नाव? "माजोक कुओल." त्यांनी ते टंकलं. त्याची जन्मतारीख? मी पावसाळ्याच्या सुरुवातीचा म्हणून सांगितलं, अकोनने तसंच सांगितलं, बाईंनी चष्मा वर केला. मग त्यांनी विचारलं की नवऱ्यानं या वर्षी किती कमावलं. मी म्हटलं, काही नाही. आजारी आहेत का? नाही. मग काय करतात? मी म्हटलं, "ते वारलेत." अकोनने तेही पोचवलं, त्याच सपाट आवाजात. हेझलबाईंचं बोट कळफलकावर अधांतरी राहिलं. आता मला त्या प्रसंगाचं हसू येतं, पण तेव्हा नाही आलं. बाई चांगल्या आहेत. पूर्वी शाळेत शिकवायच्या, आता दर बुधवारी इथे आमच्यासारख्यांचे कागद फुकट भरून देतात, बिस्किटंसुद्धा आणतात. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, मला फार वाईट वाटतं. पण वारलेला माणूस नवरा म्हणून लिहिता येत नाही. तुमचा नवरा नाही." अकोन म्हणाली, "त्या म्हणतायत, तुला नवरा नाही."

एकाच सकाळी मला हे दोनदा ऐकावं लागलं. एकदा जिवंतानं सांगितलं की मी त्याची नाही, आणि मग एका बाईनं सांगितलं की मेलेल्याचीही नाही. मी बसल्या जागी कोणाचीच उरले नाही. तेवढ्यात थोन जागा झाला आणि माझ्या मांडीवरून उतरून सरळ लुआलच्या मांडीवर जाऊन बसला. दोघांची तोंडं एकावर एक आली. हेझलबाईंनी एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं, मग आमच्या दोन कागदांवरचा एकच पत्ता बघितला. शिकवणारी बाई ती, तिला काय कळत नाही? त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "हे बघा, घरात कोण कोणाचं याच्याशी मला काही घेणं नाही. पण खाली सही करायची असते, वरचं सगळं खरं आहे म्हणून. जोडपं म्हणून एकत्र राहत असाल तर ते लिहावं लागतं, लग्न झालेलं असो की नसो. घाई नाही. घरी बोला. पुढच्या बुधवारी या." अकोनने सगळं सांगितलं. 'जोडपं' या शब्दाशी ती अडखळली नाही. मीच अडखळले.

त्या बुधवारपासून लुआल बैठकीच्या खोलीत कोचावर झोपायला लागला. विचारलं तर म्हणाला पाठ दुखते. सहा फूट तीन इंचांचा माणूस त्या कोचावर पाय बाहेर काढून झोपतो आणि म्हणतो पाठीला बरं वाटतं. कामावर तो कपड्यांच्या गाड्या ढकलत माझ्या समोरून जायचा तेव्हा मानेनंच ओळख द्यायचा, शेजाऱ्याला देतात तशी. यंत्रांच्या वाफेत त्याचा चेहरा येऊन जाऊन दिसायचा. मी चादरी मोजायची, एकोणतीस, तीस, एकतीस, आणि मोजता मोजता स्वतःशी म्हणायची, तू लाख म्हण नाही, मला काय. पण मला होतंच काहीतरी. ते सरळच सांगते. माझी इच्छा होती की त्यानं 'हो' म्हणावं. नऊ वर्षांत हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता, आणि आता एका परक्या बाईनं एक प्रश्न काय विचारला, मला दुसरं काही सुचेना. मला त्या कागदावर जायचं होतं. कोणाची तरी, जिवंत माणसाची, म्हणून.

रविवारी प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी लुआलनं आबेलआजोबांना गाठलं. इथल्या आमच्या माणसांत तेच वडीलधारे. आम्ही बायका कप धूत होतो तिथवर त्यांचा आवाज येत होता, कारण आजोबांना कमी ऐकू येतं आणि त्यामुळे ते ओरडूनच बोलतात. "अरे, 'हो' म्हण नि मोकळा हो! सरकारला काय करायचंय? सरकार काय तुझ्या भावाच्या थडग्यापाशी जाऊन त्याला सांगणार आहे?" सगळे हसले. लुआल हसला नाही. "त्याला थडगंच नाहीये, आजोबा. त्याचं घर आहे, तेवढंच." मग कोणी हसेना. माझ्या शेजारी कप पुसत असलेली मरियमची आई मला कोपर मारून पुटपुटली, "काय गं बाई तुझं नशीब, दोन-दोन नवरे आणि कागदावर एकपण नाही." तिची जीभ अशीच आहे. मी तिच्या हातात ओला कप दिला.

दुपारी पोरं अंगणात होती. लुआल जेवायला बसला. ज्वारीचं पीठ इथे मिळत नाही, मक्याचं मिळतं, त्याची उकड आणि भेंडीचं कालवण. मी त्याच्यासमोर बसले. आमच्यात बायका अशा समोर बसत नाहीत.

"बुधवारी काय सांगणार?"

"काय सांगू, वहिनी? 'हो' म्हटलं तर भावाचं घर मोडलं. 'नाही' म्हटलं तर खोट्यावर सही केली." छावणीत सगळे रेशन कार्डावर दोन-चार डोकी जास्त लिहायचे, मेलेली माणसंसुद्धा दोन-दोन वर्षं धान्य खायची. एकट्या लुआलनं कधी लिहिली नाहीत, आणि त्यापायी आम्ही अर्धपोटी राहिलो. सही म्हणजे त्याला शपथच.

"मी आजारी पडले की रात्रभर पाय कोण चेपतं? माजोक?"

"भावासाठी चेपतो."

"खोटं बोलतोस. आता खोटं बोललास."

त्यानं उकडीचा घास तसाच खाली ठेवला. मी तिथे थांबायला हवं होतं. पण इतक्या दिवसांचं आत साठलेलं होतं, ते बाहेर आलंच. मी म्हटलं, "ऐक. मला त्याचा चेहरा आठवत नाही. हसणं आठवतं. चेहरा आणायला जाते तर तुझाच येतो. किती वर्षं झाली. हे मी कोणाला सांगितलं नाही. आता तूच ठरव मी कोणाच्या घरात राहते." भेंडीच्या कालवणावर साय धरली. मग तो उठला, हात धुतले, आणि अंगणात जाऊन पोरांच्या चेंडूला उगाच दोन लाथा मारून आला. त्या रात्रीही तो कोचावरच झोपला. मला वाटलं, आपण माजोकला दुसऱ्यांदा मारलं, आणि हाती काहीच लागलं नाही.

बुधवारी आम्ही पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसलो. मी, लुआल, मध्ये थोन, आणि टेबलाच्या कोपऱ्याशी अकोन, शाळेच्या गणवेशात, कारण तिला इथून तशीच शाळेत जायचं होतं. रेबेका शाळेत होती. हेझलबाईंनी बिस्किटांचा डबा पुढे केला आणि मागच्या वेळेसारखंच विचारलं, जणू मागची वेळ झालीच नव्हती. बायको? अकोनने विचारलं. लुआलनं घसा साफ केला, खोकल्यासारखा, आणि म्हणाला, "हो." नाव? तो म्हणाला, "आयेन." माझं नाव त्याच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. ते त्याला नीट जमलंही नाही, मधेच आवाज चिरकला. माझे कान तापले. वयाच्या तिशीत, तीन मुलांची आई, आणि नव्या नवरीसारखी खाली बघत बसले. हेझलबाईंनी अक्षरं विचारून विचारून माझं नाव टंकलं. केव्हापासून? लुआल म्हणाला, रेबेका होण्याच्या आधीच्या वर्षापासून. बाई म्हणाल्या, छान. खरंच छान म्हणाल्या, आणि मला वाटलं, हो, छान. मला त्या बाईचे हात धरावेसे वाटले. सुखाचा असा एक घोट मी त्या सकाळी प्यायले, हे नाकारणार नाही.

पुढचा प्रश्न होता, अवलंबून असलेली मुलं किती. अकोनने आमच्या भाषेत विचारलं, "काका, तुमच्या जिवावर असलेली मुलं किती?"

लुआल म्हणाला, "दोन."

कामावर चादरी मोजून मला इंग्रजी आकडे शंभरपर्यंत येतात. अकोनने जो शब्द उच्चारला तो मला कळला. तिनं तो बरोबर उच्चारला. हेझलबाई हसल्या, बोटांवर मोजत म्हणाल्या, "दोन कशी? तू, तुझी बहीण, आणि हा छोटा. तीन. त्यांना सांग, ज्यांना सांभाळतात ती सगळी धरायची असतात. पोटचीच हवीत असं काही नाही." अकोनने हे अक्षरन् अक्षर लुआलला सांगितलं. लुआलनं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता, तिच्याकडे बघतही नव्हता, टेबलाकडे बघत बोलत होता. "नको. दोन मी त्याच्याकडून काढून घेतली. आज बायकोपण घेतली. ही त्याची आहे, त्याच्या रक्ताची. हिला मी घेणार नाही. एक तरी त्याच्या नावावर राहू दे. बाईंना सांग."

मला दिसत होतं तो काय करत होता. त्याच्याजवळचं सगळ्यात चांगलं तो आपल्या भावापाशी ठेवून येत होता. जिला त्यानं उंबऱ्यावर बसून मांडीवर खेळवलं, जी त्याला तिघांत जास्त प्रिय होती, ती. हे मला कळलं, कारण मला तो कळतो. पण बारा वर्षांच्या पोरीला हे कुठून कळणार? आज सकाळपर्यंत ती तिघं एकाच बापाची होती. मेलेल्या का असेना, तिघांचा बाप एकच होता, आणि काका तिघांचा काका होता, कोणाचा कमी नाही, जास्त नाही. मग त्यांच्यात ही भिंत कोणी घातली? मी घातली. रविवारी, भेंडीच्या कालवणासमोर बसून, मला कोणाची तरी व्हायचं होतं म्हणून.

अकोन थांबली. ती कधी थांबत नाही. गणवेशाच्या बाहीचं बटण तिनं एकदा काढलं, एकदा लावलं. मग तिच्या त्या सपाट आवाजात ती हेझलबाईंना काहीतरी म्हणाली. त्यातला 'भाऊ' हा शब्द मला कळला, आणि 'ती' हा शब्द कळला. बाईंचं हसू मावळलं. पुढचे शब्द मला नंतर कळले. त्यांनी अकोनकडे बोट करून अगदी हळू विचारलं, "ती म्हणजे तू?" आणि अकोन म्हणाली, "हो. ती मुलगी. तिला धरायचं नाही, असं ते म्हणतायत."

मला ओरडायचं होतं. मला त्या बाईला सांगायचं होतं की हे खोडा, सगळं खोडा, माझं नाव खोडा, मागच्या बुधवारसारखं करा. पण माझ्या तोंडात त्यांची भाषा नव्हती, आणि त्या खोलीत माझं बोलणं त्यांच्यापर्यंत नेणारं अकोनशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी तिचा दंड धरला. "अकोन, बाळा, तिला सांग, तीन. आई म्हणते तीन. तिघं एका घरातली आहेत म्हणून सांग."

तिनं दंड सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. "आई, अजून त्यांचंच चाललंय," ती म्हणाली. "तुझी पाळी आली की सांग." आणि तिनं हेझलबाईंना पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.